शाल, नारळ आणि दाबून धरलेलं बटण

आजही आठवलं की डोकं फिरतं. आपत्तीतल्या संपर्काचं प्रशिक्षण होतं हो ते, लग्नाचं रिसेप्शन नव्हतं!

मी हॅम रेडिओवाला. पूर आला, मोबाइलचे टॉवर बंद पडले की आमच्यासारख्या हौशी लोकांचे सेट कामाला येतात. ते कसे वापरायचे हे शिकवायला मला कोल्हापुरातल्या एका हॉलमध्ये बोलावलं होतं. सकाळपासून घसा फाटेस्तोवर एकच गोष्ट सांगत होतो: बटण दाबून आपण बोलतो तोवर दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. म्हणून थोडकं बोला, बटण सोडा, नि लगेच पुन्हा दाबू नका. श्वासभर थांबा. लांबचा, कमजोर सेटवाला त्याच फटीतनं आत येतो.

तो लांबचा माणूस म्हणजे माझी अक्का. जयसिंगपूरच्या पुढं नदीकाठी तिचं सासर. गेल्या पुरात दम्यानं घुसमटणाऱ्या सासूला मांडीवर घेऊन ती गच्चीवर बसली होती. फोन बंद. बोट शेजारच्या गल्लीत येऊन परत गेली, ह्या दोघी वर अडकल्यात ह्याचा कुणाला पत्ताच नाही. सासू वाचली ते नशीब. त्यानंतर ह्या बाईनं पन्नाशीत परीक्षा देऊन रेडिओचं लायसन काढलं. दुपारच्या सरावात ती त्याच गच्चीवरनं, हातातल्या छोट्या सेटवरनं निरोप देणार होती. तो पोचतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

"आरं, पोचंल न्हवं?" तिनं आदल्या दिवशी विचारलं.

"न पोचायला काय झालं?" मी म्हणालो.

सराव सुरू झाला आणि संयोजकांनी माझ्या सेटचा माइक प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिला. "दोन शब्द." कसले दोन शब्द! बटण दाबून धरून अख्खं भाषण. मग गावोगावचे शिकाऊ गडी सुटले आभार मानायला. गारगोटीचा, राधानगरीचा, एकाचं संपतंय न संपतंय तोवर दुसरा. "व्यासपीठावरील सन्माननीय..." अरे, रेडिओवर कसलं आलंय व्यासपीठ! मी माइक ओढायला गेलो तर संयोजक माझा हात धरून म्हणतात, "सर, मानपान असतोय की. पावणं नाराज व्हत्यात." वर माझ्याच खांद्यावर शाल टाकली. अंगाची नुसती आग झाली.

शेवटी सराव यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. टाळ्या! "अक्काचा निरोप कुठाय?" मी ओरडलो. तिचा सेट खराब असेल, म्हणाले. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अक्काच. मी तो स्पीकरवर टाकून तसाच हॉलच्या माइकसमोर धरला.

"आरं, बॅटरी संपस्तोवर हाका मारल्या की! तुमचा सत्कार हितं समदा ऐकू येतोय, माझं कुणालाच न्हाय."

संयोजक पुढं वाकून म्हणाले, "सांगा ताई, सांगा निरोप. आता ऐकतोय आम्ही."

"आता कशाला?" अक्का म्हणाली. "आता फोन लागतोय की."