मंगळवारचा कागद

भांडगावात नूरबीला ‘उंदराची मावशी’ म्हणतात. पहिल्या वर्षी तिला राग यायचा, आता ती सरळ ओ देते. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत ती चार वर्षांपासून कामाला आहे. सकाळी सव्वासहाला हायवेवर कंपनीची बस येते. तिथं पोचल्यावर आंघोळ, कंपनीचे कपडे, टोपी, मास्क, हातमोजे, आणि मग आतल्या थंडगार खोलीत ओळीनं लावलेले पिंजरे. त्यातले पांढरे उंदीर नूरबीचे. म्हणजे कंपनीचेच, पण हात तिचाच लागायचा.

या खेपेचे चाळीस होते. टोचून त्यांना मधुमेह केलेला. जुन्या मधुमेहात माणसाचं मूत्राशय बिघडतं, लघवी धरवत नाही, कळ आली की थांबवत नाही. त्यावरचं नवं औषध वीस उंदरांना द्यायचं, वीस जणांना नुसतं पाणी, आणि दहा आठवडे बघायचं. बघायची रीत साधी होती. दर मंगळवारी प्रत्येक उंदराला रिकाम्या पिंजऱ्यात टिपकागदावर चार तास सोडायचं. मग तो कागद वाळवून अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचा. दिव्याखाली लघवीचे डाग निळसर पांढरे चमकतात. धडधाकट उंदीर एक कोपरा धरतो आणि तिथंच मोठा डाग पाडतो. बिघडलेला उंदीर कागदभर मोहरी सांडल्यासारखे थेंब टाकत हिंडतो.

नूरबी दहावी नापास, पण हे कागद तिला छापील अक्षरांसारखे वाचता यायचे. आणि त्यात तिचा जीव होता, कारण सासू. सासूबाई शेवटची चार वर्षं एकाही लग्नाला गेल्या नाहीत. पाय दुखतात म्हणायच्या. पाय दुखत नव्हते. त्यांची लुगडी नूरबीच धुवायची, तिला सगळं ठाऊक होतं.

एक अडचण होती. उंदीर घाबरला की तोही कागदभर थेंब टाकतो, मग आजार कुठला आणि भीती कुठली ते कळत नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे नूरबीनं रोज पिंजऱ्यात नुसता हात ठेवून त्यांना आपलंसं केलं होतं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि वासाचं काही अंगाला लावायचं नाही. गजरा नाही, वासाचं तेल नाही, घरीसुद्धा कंपनीनं दिलेला बिनवासाचा साबण. शेजारच्या मळ्यातून मोगऱ्याची ओंजळ आली तर ती मुलीला, सुफियाला, देऊन टाकायची.

आता हे सगळं सांगायचं कारण सुभान.

सुभान म्हणजे नूरबीचा नवरा. तीन वर्षांपूर्वी सौदीत दम्मामला ट्रेलर चालवायला गेला तो गेलाच. त्याला लग्नाआधीपासून खसाच्या अत्तराची सवय. बघायच्या कार्यक्रमात नूरबीनं मान वर केली नव्हती. पुढं लग्नात बायकांच्या गराड्यात बसलेली असताना पडद्यापलीकडं तो आला हे तिला वासावरून कळलं. तो परदेशी गेल्यावर त्याचा एक सदरा तिनं पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता. पहिल्या रमजानपर्यंत त्याला वास होता. पुढं तो सदरा नुसता ट्रंकेचा वास मारायला लागला. व्हिडिओ कॉलवर माणूस दिसतो, ऐकू येतो, दाढी पिकलेलीही कळते. बाकीचं काही येत नाही.

आणि अचानक फोन आला. दुसऱ्या एकाची सुट्टी रद्द झाली म्हणून सुभानला मिळाली. सहा आठवडे. सोमवारी आला, तो चौथ्या कागदाच्या आदला दिवस होता. दारात बॅगा टेकल्या न टेकल्या तोच त्यानं खिशातून नवीन कुपी काढली आणि हसत नूरबीच्या दोन्ही मनगटांना लावली. “हे बघ, तिथल्या दुकानातनं आणलं. असलं खस पुण्यातबी गावायचं न्हाई.” नूरबीला कंपनी, उंदीर, मंगळवार कशाचीच आठवण राहिली नाही.

मंगळवारी सकाळी तिनं दोनदा आंघोळ केली. कंपनीत तिसऱ्यांदा केली. तरी तेलातलं अत्तर ते, कातड्यात मुरलेलं. पिंजऱ्यात हात घातला तर एरवी बोटांवर चढणारे उंदीर पार मागच्या जाळीला चिकटले.

दुपारी भाग्यश्री मॅडमनी दिवा लावला. मॅडम वयानं लहान, हुशार, हे सगळं काम त्यांच्याच नावावर चाललेलं. एकेक कागद धरला, आणि चाळीसच्या चाळीस मोहरी सांडलेले. औषध मिळालेले वीससुद्धा.

“असं कसं होईल?” मॅडम पुटपुटल्या. “तीन आठवडे इतकं छान चाललं होतं. औषध फसलं की काय?”

नूरबी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण औषधावर आळ आला असता, आणि तिला सासूबाईंच्या लुगड्यांचा ढीग दिसला.

“मॅडम, औषध न्हाई फसलं. काल सुफियाचे अब्बा आले.”

“बरं. मग?”

“तीन वर्षांनी आले, मॅडम.”

मॅडमनी दिव्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नूरबीनं मनगट पुढं केलं. “अत्तर लावलं त्यांनी. मी न्हाई म्हणले न्हाई.”

मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. चौथा कागद बाद करून तशी नोंद केली, शुक्रवारी पुन्हा करायचं ठरलं. मग खुर्ची ओढून त्या नूरबीच्या शेजारी बसल्या. “नूरताई, अजून सहा मंगळवार आहेत. तुम्हाला सुट्टी हवी असेल तर मी अडवणार नाही. तीन वर्षांनी माणूस आलाय. पण हे चाळीस दुसऱ्या हाताला चालणार नाहीत. सगळं नव्यानं, नवे उंदीर आणून करावं लागेल. हे फुकट जातील.”

फुकट जातील म्हणजे काय हे नूरबीला माहीत होतं. दहाव्या कागदानंतर त्यांना तसंही झोपेचं इंजेक्शन देऊन मूत्राशय तपासायला काढणार होते. चार वर्षांत ती ते पचवायला शिकली होती. पण काहीतरी कळावं म्हणून जाणं वेगळं आणि काहीच न कळता जाणं वेगळं.

“मी हाय, मॅडम,” ती म्हणाली.

पिंजरे धुणारी नकुशी बाहेर वाटच बघत होती. “काय गं, उंदरांनी चहाडी केली व्हय? बाई, नवऱ्यापरीस उंदराची मर्जी राखतीस तू!”

“तुझ्या नवऱ्याला आणून सोडू का आत? त्याचा वास आला तर पिंजरा तोडून पळतील.”

“पळू देत. मी बी त्यांच्यासंगं जाईन.”

संध्याकाळी नूरबीनं सुभानला सांगितलं. त्यानं चहाची बशी खाली ठेवली. आता रागावेल असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, “तिथं कफिल शेठचं ऐकायचं, हितं उंदराचं. माझ्या नशिबात मालकच लई.” आणि हसला. “तुझा तो कंपनीचा साबण दे हिकडं.”

त्या दिवसापासून त्यानं कुपीला हात लावला नाही. सगळे कपडे त्या साबणानं पुन्हा धुऊन काढले. दाढीनंतर लावायचं पाणी बंद, केसांना तेल बंद. कुणाच्या शादीला गेला आणि कुणी अत्तराची काडी पुढं केली तर हात मागं बांधून उभा राहायचा. लोक विचारायचे तर म्हणायचा, “ॲलर्जी हाय.” सुफिया हसून लोळायची. “अब्बा, ॲलर्जी तुम्हाला न्हाई, चाळीस जणांना हाय!”

शुक्रवारचे कागद नीट आले. पाचव्या मंगळवारचे त्याहून नीट. औषधाच्या वीस उंदरांनी कोपरे धरले. मॅडम खूश, नकुशीसुद्धा म्हणाली, “माणूस गुणाचा हाय हं तुझा.”

होताच गुणाचा. म्हणूनच नूरबीला कुणाशी बोलता येईना. एका रविवारी दोघं गाडीवर शिरूरला तिच्या आईकडं निघाली. चौफुल्यावरून केडगाव, पारगावचा भीमेचा पूल, पुढं न्हावरा. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच झेंडूचा पिवळा पट्टा. रस्ता मोकळा होता. नूरबीनं मागून त्याच्या खांद्याला कपाळ टेकलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. स्वच्छ धुतलेलं कापड. तिच्या स्वतःच्या ओढणीचा, कंपनीच्या टॉवेलचा असतो तसा, म्हणजे काहीच वास नाही. ज्या वासासाठी तिनं तीन वर्षं एक सदरा जपला तो वास सोडून बाकी सगळा सुभान घरी आला होता, आणि तो तिच्यासाठीच सोडून आला होता. तक्रार करायची तर कुणाची?

“झोप लागली काय?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

“मग गप का?”

“वारं लागतंय तोंडाला.”

आईच्या घरी आई म्हणालीच, “जावई वाळले का गं? असं काय कमी कमी वाटतंय.” नूरबी उठून पाणी आणायला गेली.

असे सहावा, सातवा, आठवा, नववा मंगळवार गेले. कागदांची थप्पी वाढत गेली आणि सुट्टी सरत गेली. मंगळवार मोजताना एकाच बोटावर दोन गोष्टी मोजल्या जायच्या. सुट्टी सोमवारी संपायची होती, दहावा कागद मंगळवारी. एकच दिवस इकडं तिकडं झाला असता तर! तिनं एकदा मॅडमना विचारून बघितलं. “औषधाचे दिवस ठरलेले असतात ना, नूरताई,” मॅडम हळूच म्हणाल्या. सुभाननं तिकडं फोन लावला. तिकडूनही तेच.

सोमवारी दुपारी यवतला एसटीची वाट बघत तिघं उभी होती. सुभाननं प्रवासाचे नवे कपडे घातले होते. निघताना त्यानं कुपी हातात घेऊन नूरबीकडं बघितलं होतं. “लावू का? आता तर चाललोच.” ती म्हणाली होती, “लावा. अंगणात जाऊन लावा.”

सुफिया बापाच्या गळ्यात पडून रडली. नूरबी चार हात लांब उभी राहिली, बॅगांच्या पलीकडं. लोकांना वाटलं असेल भांडण झालं. वारा सुभानच्या बाजूनं तिच्याकडं येत होता. तिनं दुसऱ्या बाजूला जायला हवं होतं. ती तिथंच उभी राहिली.

एसटी आली. बॅगा चढवल्या. दारातून सुभान परत खाली उतरला, दोन पावलांत आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली तसा चढला. सगळं मिळून पाच-सहा श्वास झाले असतील.

घरी आल्यावर नूरबीनं केस धुतले. त्याच साबणानं, तीनदा. सकाळी आत जायच्या आधी तिनं मॅडमना सांगून टाकलं, “काल हे गेले. डोक्यावर हात ठेवला त्यांनी. सांगितलेलं बरं.”

“बघू. बिघडलंच तर शुक्रवारी परत करू.”

चार तासांनी दिवा लागला. पहिला कागद कोपऱ्यातला. दुसरा कोपऱ्यातला. औषधाचे वीसच्या वीस कोपऱ्यातले, गोल, भरदार. मॅडमनी टाळीच वाजवली. “नूरताई! दहा आठवड्यांत इतके सुंदर कागद आले नव्हते. एक थेंब इकडं तिकडं नाही!”

“व्हय,” नूरबी म्हणाली.

मॅडम दिवा बंद करायला निघाल्या.

“मॅडम, थांबा जरा. हा एकदा परत बघू?”

तिनं वरचा कागद उचलला आणि दिव्याखाली धरला. मग त्याखालचा. त्याखालचा. कडेकडेनं, मधोमध, घडीपाशी, बोटभर अंतरानं डोळे सरकवत ती भीतीचा एखादा तरी थेंब शोधत राहिली.

“काही राहिलंय का?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई,” नूरबी म्हणाली. “काहीच राहिलं न्हाई, मॅडम.” आणि तिनं पुढचा कागद उचलला.