नथीचे मोती मी घालवले

आमच्याकडे देवळाली प्रवऱ्याला गौरी यायच्या आदल्या दिवशी घरातलं सोनं धुतात. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, मग मलमलचं फडकं. मोत्यांना मात्र पाणी लावायचं नाही, ते कोरडेच पुसायचे. सून लग्न होऊन आली त्या वर्षी हे तिने एकदाच ऐकलं आणि कधी चुकली नाही. चुकलो मी. खापर फुटलं तिच्या डोक्यावर आणि अठरा वर्षं मी ते बघत बसलो.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. नळ्यांवर बसलेला चुन्याचा थर आम्ही ॲसिडने काढायचो. अठरा वर्षांपूर्वी सोनं धुवायच्या दिवशी सून पाणी ओतायला मोरीत गेली होती. पाटावरची गौरीची नथ मला पिवळट वाटली. बायका उगाच रिठे चोळत बसतात, असं म्हणत मी फरशीसाठी आणलेलं ॲसिड पाणी घालून वाटीत घेतलं आणि नथ बुडवली. सोन्याला काही झालं नाही. मोत्यांवर बारीक बुडबुडे आले. मोती म्हणजे एका परीने चुनाच, हे जन्मभर चुना तपासणाऱ्या शहाण्याला तेव्हा आठवलं. बाहेर काढेपर्यंत मोती खडूसारखे झाले होते. नथ पुसून पुन्हा पाटावर ठेवली आणि ओसरीवर पेपर घेऊन बसलो. भित्रा, हलकट माणूस.

बायकोने सुनेला चार बायकांत फैलावर घेतलं. कढत पाण्यात मोती घातलेस म्हणाली. सून नाही म्हणत राहिली. मला ओसरीवर सगळं ऐकू येत होतं. तेव्हापासून बायकोने दागिन्यांचा डबा तिच्या हाती दिला नाही. गौरी सजवताना ती दारात उभी राहायची.

यंदा मी तिला सगळं सांगितलं. तिने माफ वगैरे केलं नाही.

"आबा, मला कशाला सांगता? मी काय केलं न्हाई ते मला ठाऊक हाय. ज्यांच्यापुढं माझी अब्रू काढली, त्यांना सांगा."

हळदीकुंकवाला भरल्या घरात सांगितलं. बायको म्हणाली, म्हातारपणी यांचं काळीज लई मऊ झालंय. शेजारीण म्हणाली, "सुनेनं च्यात साखर जास्त घातली व्हय, आबा?" सगळ्या हसल्या. मी गप्प होतो तेव्हा कुणाला शंका आली नाही, आणि खरं बोललो तर तो चांगुलपणा ठरला. तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडू कुणावर? ही समजूत मीच तर मुरू दिली.

बायका गेल्यावर मी डबा काढून सुनेपुढे ठेवला. तिने हात लावला नाही. "ज्यांनी काढून घेतला, त्यांनी द्यावा," म्हणाली.

बरोबर आहे तिचं. म्हणून हे लिहून पेपरात छापायला दिलं. बायको चष्मा लावून रोज पेपर वाचते, आज हे वाचेल. यात मऊ काळजाचं काही नाही. नथ मी बिघडवली. डबा तू आपल्या हाताने तिला दे, आणि त्याच चार बायकांना बोलावून दे.