तारेतला ‘प्रिझ्यूम्ड’

रत्नागिरीला तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून खोल पाण्यात जाऊन तिच्यावर चढावे लागे. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात तारांचे भाषांतर करायची नोकरी लागून मी निघालो, तेव्हा आई वाळूत उभी होती. थोरला भाऊ युसुफ आधीच परदेशी जहाजावर खलाशी होता. त्याची बायको, माझी भाभी, म्हणाली, “तू तरी जमिनीवर रव, इस्माईल.”

पुढच्या वर्षी घरी इंग्रजी तार आली. युसुफ जहाजावरून बेपत्ता, प्रिझ्यूम्ड ड्राउन्ड. गावच्या मास्तरांनी ‘बुडाला’ असा अर्थ सांगितला. भाभीने इद्दतीला, विधवेच्या एकांतवासाला, बसायचे की नाही हे ठरायचे होते. मी मुंबईहून पोचल्यावर जमातीच्या वडीलधाऱ्यांनी ‘प्रिझ्यूम्ड’चा अर्थ लावायचे काम माझ्यावर सोपवले.

“मास्तर सांगतात ता खरा काय?” भाभीने दाराआडून विचारले.

मला माहीत होते ते सांगितले. ‘प्रिझ्यूम’ या क्रियापदाचे मूळ लॅटिन. त्याचे दोन तुकडे, ‘आधी’ आणि ‘घेणे’. पुरावा मिळण्याआधीच एखादी गोष्ट खरी धरून चालणे. वर्तमानपत्रात आमच्या टेबलावर हा शब्द नेहमी येई, वादळातल्या गलबतांसाठी, खाणीत गाडलेल्या मजुरांसाठी. प्रेत सापडले की तो कोणी वापरत नाही. जहाजावर माणसे पाठवलेल्या घरांना हे माहीत असावे, म्हणून इथेही लिहितो.

“म्हंजे बुडताना बघितलेला कोणीच नाय.”

नाही, मी म्हणालो.

“मग मी कशाला बसू?”

आई इतकेच बोलली, “तो गेला. माझ्या पोटाला कळला हाय.”

भाभी बसली नाही. माहेरून दुसऱ्या लग्नाचे बोलणे दोनदा आले. नवरा असताना कसले लग्न, असे सांगून तिने ते परत पाठवले. तिची पंचविशी अजून उलटलेली नाही.

मुंबईत माझे आता बरे चालले आहे. जागा कमी असली की संपादक सरळ ‘बुडाले’ करायला सांगतात. मी ‘बुडाले असावेत’ लिहितो. कधी ते छापून येते, कधी नाही.

सुट्टीत गावी जातो. गुरुवारी आई युसुफच्या नावाने फातिहा, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, देते. खीर भाभीच शिजवते, आईपुढे ठेवते आणि परसात निघून जाते. मी आईशेजारी बसून हात उचलतो. मग परसात येतो. भाभी विचारते, मुंबईला कुठली जहाजे लागली. मी आठवतील तेवढी नावे सांगतो. घर म्हणतात ते माझ्यापुरते आता हेच: आत भावासाठी दुवा मागायची, आणि बाहेर येऊन जहाजांची नावे सांगायची.