डॉक्टर सांगतील

परभणीच्या स्टेशनावर बाबांनी माझी पत्र्याची पेटी बाकाखाली सरकवली, खाली उतरले आणि खिडकीच्या गजांतून म्हणाले, "तिथे कुणाला उलट बोलायचं नाही. सांगतील तेवढंच करायचं." गावच्या शाळेत शिपाई म्हणून जन्म काढलेला माणूस मुलीला दुसरा कोणता सल्ला देणार? नर्सिंगचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता. गाडी सुटल्यावर मी रडले नाही. दिल्ली बघायची घाई झाली होती, खोटं कशाला बोलू?

दिल्ली कसली, गुरगाव. मोहरीच्या शेतांमधून तेव्हा काचेच्या इमारती वर येत होत्या आणि रस्ते अजून कच्चेच होते. आमचं हॉस्पिटल मात्र नवंकोरं, लॉबीत संगमरवर. पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरने बजावलं, "पेशंट के घरवालों को कुछ नहीं बताना. पूछें तो बोलो, डॉक्टर बताएंगे." नियमात तसं चुकीचं काही नव्हतं. पण मॉनिटरवर काय चाललंय ते डोळ्यांना दिसत असताना मिठाची गुळणी धरून उभं राहायचं, हे अंगवळणी पडायला मला तीन महिने लागले. पांढराशुभ्र गणवेश, छातीवर नावाची पट्टी, अधिकार शून्य. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्यासारख्या गावाकडून आलेल्या पोरींना हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी दुपारी वॉर्डातल्या फोनवर आईचा फोन आला, गावातल्या एसटीडी बूथवरून.

"अगं, बाबांना सकाळपासून करपट ढेकरा येतायत. दरदरून घाम फुटलाय. डावा खांदा भरून आलाय म्हणतात. काय करू?"

मला कळलं होतं. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते: मला कळलं होतं. असे पेशंट मी रोज बघत होते. इन्चार्ज शेजारीच चार्ट लिहीत बसली होती आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टरांना दाखवा."

"डॉक्टर गुरुवारी येतात गावात. तोवर?"

"ते सांगतील आई. मी कसं सांगणार?"

"बरं. तू म्हणतेस तसं," म्हणून तिने फोन ठेवला. मी चार नंबरच्या बेडचं सलाईन बदलायला गेले. बुधवारी बाबा गेले.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला आई सांगत होती, "पोरगी दिल्लीच्या मोठ्या दवाखान्यात आहे. तिला विचारूनच केलं सगळं." अभिमानाने सांगत होती. मी मागच्या दारी भांडी घासत बसले.

आता फरीदाबादला फ्लॅट आहे, आयसीयूत केस पांढरे झालेत, आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सचा फॉर्म भरतेय. पेशंटला स्वतः तपासून, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत निर्णय घेणारी नर्स. फॉर्मसोबत एक निवेदन द्यायचं: हा कोर्स तुम्हाला का करायचा आहे? मी लिहिलं की लहानपणापासून सेवेची आवड. माझी मुलगी ऋचा ते टाइप करत होती. ती म्हणाली, "मम्मा, ये तो सब लिखते हैं यार. तुझं असली रीझन काय आहे?"

तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिने सगळं इंग्रजीत टाइप केलं. तिला फक्त 'करपट' समजावून सांगावं लागलं.

पण परक्या लोकांनी हे आईच्या आधी वाचावं, हे मला पटेना. रविवारी तिला फोन लावला आणि सगळं मराठीत वाचून दाखवलं. मला कळलं होतं, हेसुद्धा.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काय करायला हवं होतं गं तेव्हा?"

"जीप करून लगेच परभणीला न्यायला हवं होतं."

"बाबांना घेऊनच आले होते बूथवर, जीप दारातच उभी होती. शेजारचा बाळू म्हणतही होता, काकू, नेतो लगेच. मीच म्हटलं, थांब, पोरीला विचारते आधी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ऋचाने विचारलं, "पाठवू?" मी हो म्हणाले. एक शब्द बदलला नाही.

प्रवेश मिळेल, न मिळेल. इथे लोक विचारतात, गाव कौन सा, घर की याद आती है? येते. पण मला घर आठवतं तेव्हा अंगण दिसत नाही, चूल दिसत नाही. एसटीडी बूथ दिसतो, आत घामाने भिजलेले बाबा बाकावर बसलेत, दारात जीप उभी आहे, आणि आई फोन कानाला लावून माझ्या उत्तराची वाट बघतेय.