तारेवरची ओळख

नव्वदीच्या दशकात आटपाडीत माझी पिठाची गिरणी होती. वीज गेली की मी सबस्टेशनात जाऊन बसायचो. तिथला ऑपरेटर जतकडचा, रांगडा गडी. ज्या तारेतून वीज यायची, त्याच तारेतून तो तिथल्या फोनवर विट्याच्या ऑपरेटरशी बोलायचा, आणि मी दर वेळी आ वासून बघायचो. पलीकडचं प्रत्येक वाक्य तो पुन्हा म्हणवून घ्यायचा, "परत बोला."

एकदा विट्याला दुसऱ्या कंपनीचं नवं यंत्र बसवलं आणि फोनवर नुसती खरखर यायला लागली.

"ह्ये यंत्र कानडीत बोलतंय, त्ये मराठीत," तो म्हणाला. "आदी भाषा एक ठरवाय नगं व्हय?"

त्याच दिवशी लाईनच्या दुरुस्तीला माणसं खांबांवर चढली होती. दुपार कलली तसे तिथं जमलेले आम्ही सगळे ओरडू लागलो, "आवं, उतरली असतील, चालू करा की!"

"असतील म्हंजी?" म्हणत तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

शेवटी विट्याचा ऑपरेटरच फटफटीवरून आला. "समदी उतरली. लाईन चालू करा."

इतकी वर्षं बोलून ते दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. आमच्या गड्यानं त्याला आधी पाणी दिलं. मग डोळे मिटून तो म्हणाला,

"परत बोला."