उताऱ्यात लिहिलंय तेवढंच

मुरुमच्या आमच्या छोट्या वाचनालयात येणारी माणसं मला पावलांवरून ओळखू येतात. पेपर वाचायला येणारे पेन्शनर चपला घासत येतात, पोलीस भरतीची पोरं दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात. दीपमाला आली ती गमबूट घालून. दारातच थांबून म्हणाली, "काकू, बूट काढले तरी मोजे शेणानं भरलेत. येऊ का तशीच?"

"मोजेही काढ. बाहेर नळ आहे," मी म्हटलं.

पाय धुऊन ती आत आली आणि पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "मला रोज घड्याळ लावून बसायचंय. घरी न्हाय जमत. आणि उत्तरं तपासायला कुणीतरी पाहिजे. मी स्वतः तपासते तेव्हा स्वतःलाच फसवते."

"अगं, माझं इंग्रजी यथातथाच."

"तुम्हाला ए, बी, सी, डी एवढंच बघायचंय. मागं उत्तरं छापलेली हायत."

असं आमचं सुरू झालं. ते तीन वर्षं चालेल हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

दीपमाला बेंबळीच्या शेतकऱ्याची मुलगी. मुरुमच्या कुलदीपशी लग्न झालं. त्याचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. ती जवळच्या गावातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. ती दर वेळी सांगते की मी डॉक्टर नाही, आणि लोक दर वेळी मान हलवून पुन्हा डॉक्टरीणबाईच म्हणतात. लसी टोचणं, कानात बिल्ले मारणं, माजावर आलेल्या गाई कृत्रिम रेतनानं भरवणं हे तिचं काम. नवीन आली तेव्हा ती खांद्यापर्यंत हातमोजा चढवू लागली की बाप्ये गोठ्याबाहेर जाऊन उभे राहायचे. आता सकाळी सहापासून त्यांचेच फोन येतात.

गाईंच्या लम्पी आजाराच्या साथीत तिनं एक वही केली होती. कुठल्या गोठ्यात आजार आधी आला, तिथं उकिरडा किती जवळ, पाणी साचलेलं आहे का, माशा किती. खात्याच्या बैठकीत ती मागच्या रांगेतून म्हणाली, अशा गोठ्यांना आधी लस द्या. कुणी लिहूनही घेतलं नाही. महिन्याभरानं बाहेरून आलेल्या एका बाईनं तीच गोष्ट पडद्यावर इंग्रजीत दाखवली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दीपमालानं चहाच्या वेळी त्या बाईला गाठून विचारलं, तुम्ही काय शिकलात? त्या बाईनं परराज्यातल्या एका संस्थेचं नाव सांगितलं. ग्रामीण व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पदवी कुठलीही चालते, पण प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दीपमालाकडे मुक्त विद्यापीठाची पदवी होती. वय चौतीस होतं, आणि नऊ वर्षांची हर्षाली होती.

सासूबाई, सारजाबाई, वाईट नव्हत्या. एकदा मंगळवारच्या बाजारात मला म्हणाल्या, "नोकरी हाय, दाल्ला हाय, लेकरू हाय. आता आनिक कशाची परीक्षा? गाईसंगं इंग्रजीत बोलायचंय व्हय तिला?" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पण संध्याकाळच्या भाकरी त्याच थापायच्या, म्हणून तर ही साडेपाच ते सात माझ्याकडे बसू शकायची.

परीक्षेत गणित होतं, ते तिला फारसं जड गेलं नाही. अडलं ते शब्दांपाशी. एक भाग वाक्यांचा: पाच विस्कटलेली वाक्यं जुळवून परिच्छेद करायचा. एक युक्तिवादाचा: अमक्या म्हणण्याला कशानं बळ येईल, कशानं ते लुळं पडेल. आणि सगळ्यात मोठा भाग उताऱ्यांचा. पानभर उतारा, खाली पाच प्रश्न, वेळ दहा मिनिटं. लेखकाला काय म्हणायचंय, लेखकाचा सूर कसा आहे, उताऱ्यावरून काय अनुमान निघतं.

पहिले काही महिने ती दहा मिनिटांत उतारा एकदा वाचूनही संपवू शकत नव्हती. दिवसभर मोटारसायकलवर चार-चार गावं फिरून आलेली असायची. तिसऱ्या ओळीला डोळे मिटायचे, मान खाली जायची, पेन्सिल हातातच. मी उठवत नसे. घड्याळ वाजलं की ती दचकून उठायची आणि म्हणायची, "झाले का दहा?" मग उरलेल्या प्रश्नांवर अंदाजानं खुणा करायची. मी तपासायचे. पाचात एक, पाचात दोन.

हळूहळू वाचण्याचा वेग वाढला, पण खुणा चुकतच राहिल्या. ते का चुकतंय हे आम्हाला एका दुपारी कळलं, त्या दिवशी तिला सुट्टी होती. उतारा चक्क गाईंवर होता. परदेशातल्या कुठल्याशा डोंगराळ भागात लहान शेतकरी एक-दोनच गाई का पाळत, याविषयी. तिचा चेहरा उजळला. सात मिनिटांत पाचही प्रश्न सोडवून वही माझ्याकडे सरकवली. पाचही चूक.

"न्हाय," ती म्हणाली. "पुस्तकात चुकीचं छापलंय."

"मला मराठीत सांग. काय विचारलंय?"

"विचारलंय, हे लोक जास्त गाई का पाळत नव्हते. मी लिहिलं, चारा पुरत न्हाय म्हणून. दुसरं काय कारण असणार?"

"उताऱ्यात चाऱ्याचं लिहिलंय?"

ती पुन्हा वाचू लागली. बोट ओळीवरून फिरत होतं. "न्हाय. उताऱ्यात लिहिलंय की गावाची गायरानं कुंपण घालून बंद केली, म्हणून." मग पुस्तक मिटलं. "पण काकू, गायरान बंद झालं म्हंजे चाराच संपला ना? लेखकानं कधी गाय पाळली न्हाय, हे उघड दिसतंय."

"असेल. पण मार्क लेखकाला द्यायचे नाहीत."

ती हसली नाही. म्हणाली, "पंधरा वर्षं मी हेच शिकले. मालक काय बी सांगू दे, आपण हात घालून बघायचं. आता हे म्हणतात, हात घालू नका, सांगितलंय तेवढंच धरा."

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. खूण करण्याआधी तिनं मला मराठीत सांगायचं की हे उत्तर कुठल्या ओळीवरून काढलं. ओळ दाखवता आली नाही तर उत्तर खोडायचं. मला अर्धा उतारा कळत नसे, पण बोट ओळीवर आहे की हवेत, एवढं कळायचं. पहिल्या वर्षीच्या परीक्षेला मात्र हे शहाणपण उशिरा आलं. निकाल लागला तेव्हा ती पात्रतेच्या आसपासही नव्हती. फॉर्म पुन्हा भरला.

दुसऱ्या वर्षी केंद्र सोलापूरला होतं. पहाटेच्या एसटीनं निघाली. दवाखान्याच्या फळ्यावर रजा लिहिली होती, शेजारच्या गावातल्या डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. केंद्रावर फोन बंद करून बाहेर ठेवावा लागतो. तीन तासांनी बाहेर आली तर अकरा मिस्ड कॉल. सगळे तिच्या दवाखान्याच्या गावातल्या एका शेतकऱ्याचे, चन्नबसप्पांचे.

चन्नबसप्पांची पहिलारू, पहिल्याच वेताची गाय सकाळी व्यायला बसली आणि वासरू आडवं अडकलं. शेजारचे डॉक्टर तेव्हा दुसऱ्या टोकाच्या गावात अशाच एका केसवर होते. ते पोचेपर्यंत गाय थकून गेली होती. वासरू आधीच मेलेलं, गाय दुपारी गेली. दीपमालाला हे सोलापूरच्या स्टँडवर फोनवर कळलं. ती तिथून थेट घरी न जाता चन्नबसप्पांच्या गोठ्यावर गेली. तिनं मला सांगितलं, "ते रागावले न्हायत काकू. म्हणाले, तुम्ही सुट्टीवर होता, बाई. बसा, पाणी घ्या."

त्या वर्षीचा निकाल थोडक्यात हुकला. चार-पाच उत्तरं इकडची तिकडे झाली असती तर झालं असतं. तिनं वेबसाइटवरचा आकडा मला फोनवर दाखवला, फोन खिशात घातला आणि पुस्तक माझ्या कपाटात ठेवायला दिलं. "कुणाला लागलं तर द्या. माझ्यानं होत न्हाय आता."

मी समजावलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी सातला कुलूप लावून घरी गेलं की माझे डोळे चुरचुरत असायचे, आणि दुसऱ्याच्या चुका मोजण्याचाही एक शीण असतो. चार महिने ती आली नाही.

आमच्याकडे एक कन्नड पेपर येतो. सीमेजवळचं गाव, घरी कन्नड बोलणारी पुष्कळ माणसं. चन्नबसप्पा बाजाराच्या दिवशी तो वाचायला येतात, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. एका मंगळवारी ते बसलेले असताना दीपमाला हर्षालीसाठी गोष्टीचं पुस्तक घ्यायला आली. त्यांना बघून दारातच थबकली. चन्नबसप्पांनी चष्मा काढला.

"या की बाई. परीक्षेचं काय झालं तुमच्या?"

"न्हाय झाले पास."

त्यांनी पेपरची घडी घातली. "म्हंजे गाय बी गेली आन् परीक्षा बी."

दीपमालाचा चेहरा पांढरा पडला. चन्नबसप्पा पुढं म्हणाले, अगदी साध्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं, "दोन्ही जायाला नकू हुतं. गाय काय आता येत न्हाय. दुसरं हाताला लागतंय का बघा की. पुन्ना बसता येत न्हाय व्हय त्या परीक्षेला?"

"येतं. पण मामा, पुन्हा त्या दिवशी कुणाची गाय..."

"गाई काय तुमची रजा बघून येतात?" ते म्हणाले आणि पुन्हा चष्मा चढवून पेपर उघडला.

तिनं कपाटातून हर्षालीसाठी गोष्टीचं पुस्तक काढलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, ते परीक्षेचं पुस्तक दिलं का कुणाला?"

"कुणी मागितलं नाही."

तिसरं वर्ष पहिल्या दोन वर्षांपेक्षा अवघड गेलं. उमेद होती असं मी म्हणणार नाही. रोज साडेपाचला यायची, पाय धुवायची, बसायची. कुलदीप कधी दुकान बंद करून तिला न्यायला यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. आधी ती चुकलं की पुस्तकाशी भांडायची, आता भांडत नव्हती. ओळीवर बोट ठेवायची, मराठीत एका वाक्यात अर्थ सांगायची, खूण करायची. पाचात तीन. पाचात चार. परत तीन. सूर ओळखायच्या प्रश्नात मात्र शेवटपर्यंत गडबड व्हायची. "लेखक उपहास करतोय की काळजी करतोय, मला एकच वाटतं," म्हणायची. "आमच्याकडं माणसं काळजी अशीच बोलून दाखवतात."

एकदा लसीकरणाच्या मोहिमेत सलग नऊ दिवस काम करून आली आणि वाक्यं जुळवता जुळवता रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. पोलीस भरतीची पोरं माना खाली घालून बसली. मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं तोंड धुतलं आणि उरलेली चार वाक्यं जुळवली. त्यातली दोन चुकली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं तीन गावांतल्या गाभण गाईंची यादी शेजारच्या डॉक्टरांना तारखांसकट लिहून दिली. परीक्षेच्या दिवशी कुठली गाय व्याली नाही.

लेखी परीक्षेत ती पात्र ठरली. मग मुलाखत. ती रेल्वेनं गेली, कुलदीप सोबत होता. तिथं तिनं सुरुवातीलाच सांगितलं की मी सावकाश बोलेन, मला मनात आधी मराठीत जुळवावं लागतं. त्यांनी चालेल म्हटलं. एकानं विचारलं, तुम्ही घेतलेला असा कुठला निर्णय आहे का, ज्याचा तुम्हाला पश्चात्ताप होतो? तिनं चन्नबसप्पांच्या गाईचं सांगितलं. मला सांगत होती, "मग ते म्हणाले, म्हणजे परीक्षेला बसायला नको होतं असं वाटतं? मी म्हटलं, न्हाय, मी असं म्हणाले न्हाय. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं."

पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत आलं. ते सांगायला ती वाचनालयात आली तेव्हा मी खुर्चीतून उठले, पेढे मागवावेत म्हणून पर्स शोधू लागले. ती बाकावर टेकली आणि म्हणाली, "काकू, नंतर. आनंद होतोय बहुतेक. पण आधी मला झोपू द्या." घरी गेली आणि दोन दिवस जवळपास झोपूनच होती. सारजाबाई सांगत होत्या, मधे उठवून दूध पाजलं तर अर्ध्या झोपेत म्हणाली, किती मिनिटं उरली.

दोन वर्षांच्या अभ्यास रजेचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. मंजुरी आली ती निघायच्या आदल्या आठवड्यात. हर्षालीला आजीजवळ ठेवायचं ठरलं. पोरीनं निरोप देताना रडू आवरलं, आईला आवरलं नाही.

दिवाळीत ती आली होती, तेव्हा भेटली. वजन घटलं होतं, डोळ्यांखाली काळं. वर्गात सगळ्यांत मोठी तीच. तिथं रोज तीस-चाळीस पानं वाचायला देतात, आणि तिच्या बरोबरीची पोरं ती जेवता जेवता वाचतात. एका विषयात जेमतेम पास झाली. एका प्राध्यापकांनी लम्पीच्या वहीविषयी वर्गात बोलायला लावलं, ती पंधरा मिनिटं बोलली. "त्यातली दहा बरी गेली," म्हणाली.

मी विचारलं, "जमेल ना पुढचं?"

"माहीत न्हाय काकू. दमायला होतं लई. पण इथं दमत होते तसंच आहे, वेगळं काही न्हाय." मग तिनं माझ्याकडून सातपर्यंत बसायची परवानगी मागितली. सोबत आणलेला कागदांचा गठ्ठा काढला, पेन्सिल घेतली आणि खिडकीजवळच्या टेबलावर वाचत बसली. बाहेर कुलदीप हर्षालीला घेऊन आला होता. मी त्यांना आत बोलावलं.