ओल्या वजनाचा कर

कोणतीही वस्तू समोर आली की आबा ती मुठीत धरून दाबायचे, कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "शंभरमा साठ घट." घट म्हणजे माल वाळल्यावर जेवढं वजन कमी होतं ते. नंदुरबारच्या मिरची बाजारात त्यांनी सगळा जन्म मापाडी म्हणून काढलेला. तुमच्यापैकी कुणी हिवाळ्यात इकडे आलं असेल तर गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची पाहिली असेल, निदान शिंकला तरी असालच. ओली मिरची घ्यायची, वाळवायची आणि उरेल ती विकायची. या एका व्यवहारावर आबांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. "वल्लं वजन लबाड ऱ्हास," ते म्हणायचे.

ते मिरचीपुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आबा लग्नपत्रिकाही दाबून बघत. पुढाऱ्याचं भाषण ऐकून ऐंशी घट काढत. मी स्टेशनजवळ कर सल्लागाराचं दुकान थाटलं, तेव्हा पाटीवरचं माझं नाव आणि पदवी त्यांनी वाचली, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. घट किती ते बोलले नाहीत. तेवढी सभ्यता त्यांच्यात होती.

बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आबा घरी बसले. मुलगा सुरतला लूमवर कामाला. घरी सून, आमच्याकडे वहू म्हणतात. ती हुशार निघाली. अर्धा-अर्धा किलो मिरची पावडरीच्या पिशव्या भरून तिने मोबाइलवरून विकायला सुरुवात केली आणि पुणे, सुरत, इंदूर कुठूनही मागणी यायला लागली. परराज्यात ऑनलाइन माल पाठवायचा तर जीएसटीची नोंदणी हवी. ती तिच्याच नावाने केली, कारण बाईच्या नावाने कर कमी लागतो असं आबांना पानटपरीवर कळलं होतं. तसं काही नसतं, हे मी सांगितलं. टपरीपुढे माझं काय चालणार?

मी त्यांना रीतसर शिकवायला बसलो. पिशवी दोनशे दहाची. मिरची पावडरीवर पाच टक्के, म्हणजे दोनशे मालाचे आणि दहा कराचे. माल महाराष्ट्रात गेला तर कर अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. गुजरातला गेला तर एकच सबंध कर, त्याचा रकाना वेगळा.

आबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुरतनी गाडी मन्हा घरना मांगून जास, ते परराज्य. आनि पुनं मी आजून देखेल नई, ते आपलं?"

यावर मी कायद्याचं कलम सांगितलं. कलमाने आजवर कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या दहा तारखेला आबा फोनवर मला विक्रीचा एकच आकडा सांगत आणि मी तो भरून टाकत असे. वहूने कधी फोन केला नाही, मीही तिला विचारलं नाही. आकडा आला कुठून, हे विचारणं माझं काम होतं. पण माझी फी भरण्याची होती, विचारण्याची नव्हती, आणि आम्ही सल्लागार लोक या बाबतीत फार काटेकोर असतो.

असं वर्ष गेलं. वहूला मिरची दळायला शहादा रस्त्यावरच्या गिरणीत जावं लागे. तिथे रांग, आणि आधीच्या माणसाचे धणे आपल्या मिरचीत. तिला स्वतःचं कांडप मशीन घ्यायचं होतं. बँकेने वर्षाची रिटर्नं मागितली, पाहिली आणि सांगितलं की एवढ्याशा विक्रीवर एवढ्या मोठ्या मशीनला कर्ज देता येणार नाही. ती डोक्यावरचा पदर नीट करत माझ्या दुकानात आली आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला. ज्या ऑनलाइन कंपनीमार्फत तिचा माल जाई, तिने दाखवलेली वर्षाची विक्री त्यावर होती. मी भरलेल्या आकड्याच्या दीडपट.

त्याच आठवड्यात कर कार्यालयाची नोटीस आली. ऑनलाइन कंपनी किती माल विकला ते स्वतःच सरकारला कळवते. तिचा आकडा आणि आमचा आकडा जुळत नव्हता, एवढंच सरकारने विचारलं होतं. नोटीस अर्थातच वहूच्या नावाने.

आबांना बोलावलं. ते शांत होते. दोनशे दहाच्या पिशवीमागे कंपनी आपलं कमिशन आणि पाठवणीचा खर्च मिळून सत्तर कापते आणि एकशेचाळीस बँकेत येतात. आबांनी ते सत्तर घट म्हणून सोडून दिले होते आणि एकशेचाळीसवर कर भरला होता. "वाळीसन उरनं ते खरं," ते म्हणाले. कंपनीने सरकारला ओलं वजन सांगितलं, यात त्यांचा काय दोष?

कार्यालयात जायच्या दिवशी ते वहूसोबत दोन पिशव्या घेऊन आले. एकीत ओली लाल मिरची, दुसरीत वाळलेली. साहेबांच्या टेबलावर त्यांनी दोन्ही ओतल्या आणि घट म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले. साहेब भले गृहस्थ. शिंका आवरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या टेबलांवरचे तीन कारकून चहाला निघून गेले. मी कर सल्लागार म्हणून सोबत गेलो होतो आणि छताकडे बघत होतो.

आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरात वहू सासऱ्याशी थेट बोलत नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगते आणि सासऱ्याने ते ऐकायचं. त्या दिवशी तिसरा माणूस मी होतो.

"भाऊ, आबास्ले सांगा," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मिरचीनं पानी वारा उडाई लई जास, ते कोनाले भेटत नई. ह्या सत्तर रुपया तं कंपनीले भेटनात. तिनी काम कयं, आपुन पैसा दिदा. हाई घट नई शे."

मला सांगायची गरज पडली नाही. आबा समोरच उभे होते.

मग साहेबांनी पुढचं सांगितलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं ते मला. कंपनी जे सत्तर कापते त्यात तिच्या सेवेवरचा कर असतो, पिशवीमागे साडेदहाच्या आसपास. तो आपण भरायच्या दहा रुपयांतून वळता करून घेता येतो. म्हणजे खरी विक्री दाखवली असती तर खिशातून भरायचं जवळजवळ काहीच नव्हतं. आबांनी पिशवीमागे सात रुपये उगाच भरले आणि वर विक्रीही लपवली. चोरी करून तोट्यात गेलेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. आणि साहेबांनी सांगितलेलं सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. वर्षभरात एकदा आकडा विचारला असता तर पुरे होतं. वहूचा धंदा आबांनी कागदावर वाळवला, पण पथारी माझ्या दुकानात होती.

आबा बराच वेळ टेबलावरची मिरची गोळा करत राहिले. मग मला म्हणाले, "वहू बरोबर बोलनी." तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेही त्या वळणातलंच.

फरक बराचसा वळत्या करातून भागला, थोडं व्याज भरलं, रिटर्नं दुरुस्त झाली. चार दिवसांनी आबा तिला घेऊन दुकानात आले. नोंदणी तिच्या नावाची असली तरी मोबाइल नंबर आबांचा होता. प्रत्येक वेळी ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा आणि चष्मा लावून ते एकेक आकडा मला वाचून दाखवायचे. पुढचा आकडा सांगण्याआधी आधीचा लिहिला का हे विचारून घ्यायचे. मालकीण तेव्हा अंगणात पावडर चाळत असायची.

"भाऊ, नंबर बदली टाक," आबा म्हणाले. "वहूना फोनवर येऊ दे."

मी म्हणालो, घाई काय आहे, पुढच्या महिन्यात करू. आबा बाकावर बसले आणि नंबर बदलेपर्यंत उठले नाहीत. झाल्यावर खिशातला फोन काढून त्यांनी एकदा पाहिला. "आते हाऊ नुसता फोन ऱ्हायना," म्हणाले, आणि परत ठेवून दिला.

खऱ्या आकड्यांवर कर्ज मिळालं. मशीन आलं त्या महिन्यातच आबा गेले. मी त्यांची पुष्कळ टिंगल केली, आजही करतो. पण चुकलो हे कळल्यावर हातातलं सोडून देणारा दुसरा माणूस माझ्या ग्राहकांत नाही, आणि त्यांची आठवण आली की मला वाईट वाटतं.

परवा वहू दहा तारखेचे आकडे घेऊन आली होती. ती समोर बसलेली असताना माझा फोन वाजला. ओटीपी होता, माझ्या बायकोच्या नोंदणीचा; तिचंही रिटर्न मी तेव्हाच भरत होतो, तसं वहूला सांगितलं. बायको लोकरीची तोरणं विणते आणि आम्ही ती ऑनलाइन विकतो. वहूने विचारलं, "भाऊ, वहिनीना ओटीपी तुमना फोनवर येस?"

मी म्हणालो, सोयीचं पडतं.

ती कागद गोळा करून निघून गेली. संध्याकाळी घरी गेल्यावर मी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, या वर्षात तुझ्या तोरणांची किती रुपयांची विक्री झाली ते तुला ठाऊक आहे का. तिने विणकाम न थांबवता आकडा सांगितला. मी तिला न विचारता तिच्या नावाने भरलेल्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा होता.